बंड्याला मांडवात न्यायचं की मांडव बंड्याकडे आणायचा?

या आठवड्याचं पत्र नाशिकहून आलंय. जरा लांब होतं म्हणून थोडं कापून देते:

"ताई, माझं लग्न १८ मेला आहे, इथेच नाशिकला, हायवेलगतच्या एका कार्यालयात. आमचा बंड्या नऊ वर्षांचा आहे, देशी कुत्रा, पूर्ण काळा, छातीवर फक्त एक पांढरा ठिपका. मी बारावीत असताना पावसात एका टेम्पोखाली सापडलेला. मला तो लग्नाच्या फोटोत हवाय म्हणजे हवाय. अंतरपाट धरलाय आणि तो माझ्या पायाशी बसलाय, सप्तपदीला मागे मागे चालतोय असं किती महिन्यांपासून डोळ्यासमोर आहे. फोटोग्राफर म्हणतो आणा की, रील कडक होईल, पण त्याचे वेगळे १२ हजार. कार्यालयाचा मॅनेजर म्हणतो बघू. आत्या म्हणते मांडवात कुत्रं आलं तर मी पाय ठेवणार नाही. आई म्हणते त्याला फटाक्यांची भीती वाटते. होणारा नवरा म्हणतो तू म्हणशील तसं, म्हणजे मदत शून्य. लग्नानंतर मी पुण्याला जाणार, बंड्या आईबाबांकडेच राहील. काय करू? – बंड्याची ताई"

अगं ताई (मलाच ताई म्हणतेस आणि स्वतःही ताईच, चला), तुला गोल गोल उत्तर देत नाही. बंड्याला कार्यालयात नेऊ नकोस. फोटो मात्र काढ, भरपूर काढ, शालू नेसून काढ, मुंडावळ्या बांधून काढ, फक्त ते त्याच्या घरी काढ. फोटोवाला दोन पायांचा आहे, त्याला हलवणं सोपं आहे.

आता हे मी कुठल्या तोंडाने सांगते तर आम्ही हा उद्योग करून बसलोय. माझ्या धाकट्या भावाचं लग्न, सांगलीकडे, एप्रिल महिना, आणि आमचा कुत्रा राजा. भावाचा हट्ट की राजा वरातीत पाहिजे, मग राजाला आंघोळ, राजाला जरीचं उपरणं, राजा कसला ऐटीत गाडीत बसला होता. कार्यालयाच्या दारात ताशावाल्याने पहिली काडी टाकली आणि राजाने मान मागे घेतली, पट्ट्यातून डोकं सोडवलं आणि जो काही सुटला तो थेट स्टेजच्या खाली. स्टेज म्हणजे काय, लाकडी फळ्या, खाली वायरी आणि गादीवाल्याचं सामान. तिथून तो पाच वाजेपर्यंत निघाला नाही. मंगलाष्टका चालू असताना माझे वडील, मुलाचे वडील बरं का, नवं धोतर नेसून स्टेजखाली जिलेबीचा तुकडा घेऊन वाकलेले. त्या लग्नाच्या अल्बममध्ये राजाचा एकच फोटो आहे, त्यात शेपूट आणि मागचा एक पाय दिसतो, आणि शेजारी वडिलांचा एक तळवा. आम्ही आता हसतो त्यावर, पण त्या दिवशी तो कुत्रा पाच तास थरथरत होता आणि घरी आल्यावर दोन दिवस जेवला नाही, ते अल्बममध्ये नाहीये.

तुझ्या डोळ्यासमोरचा जो फोटो आहे ना, अंतरपाटाचा, तोच नेमका सगळ्यात अवघड. तो क्षण आठव जरा नीट. आधी गुरुजींचा माइक, त्यात शिट्टी. दोनतीनशे लोक हातात अक्षता घेऊन पुढे पुढे सरकतायत. शेवटचं सावधान झालं रे झालं की अंतरपाट खाली, अक्षतांचा मारा, आणि बाहेरचा वाजंत्रीवाला ज्या खुणेची वाट बघत बसलेला असतो ती खूण मिळते. त्यातच कुणीतरी हौशी माणूस दारात लड लावतो. म्हणजे तुला हवाय त्या फोटोच्या सेकंदाला अख्ख्या दिवसातला सगळ्यात मोठा आवाज ठरलेलाच आहे, वेळ पत्रिकेत छापलेली आहे. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास, त्यामुळे आपल्याला नुसती सनई वाटते त्यात त्याला काय काय टोचत असेल ते तोच जाणे. आणि तुझा तर फटाक्यांना घाबरणारा. आई या पत्रात एकच वाक्य बोललीये आणि तेच सगळ्यात कामाचं आहे.

मग होम. धूर, तूप, वर मे महिना. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंज्यांना येतो थोडासा, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, ३८ ते ३९ डिग्री, ते ४१ च्या वर गेलं की उष्माघात आणि मग जिवाशी गाठ. पत्र्याचा मांडव, त्यात हॅलोजन, बाहेर तापलेल्या फरशा. (फरशीचं सोपं आहे, हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघायची, आपल्याला ठेववत नसेल तर त्यालाही चालवायचं नाही.) आणि फोटोत जो कुत्रा जीभ बाहेर काढून हसताना दिसतो ना, त्यातले निम्मे हसत नसतात, त्यांना उकडत असतं. रीलखाली हार्ट टाकणाऱ्यांना हे दिसत नाही.

तू नाशिकची आहेस म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते, द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला विषासारखे आहेत, किडनी जाते, आणि किती खाल्ले की त्रास होतो याचा काही नेम नाही, एखाद्याला थोड्यातच होतो. तुमच्याकडे तर घरात बेदाण्याचा डबा कायम उघडाच, आणि लग्नघरात शिरा, श्रीखंड, सुकामेव्याची ताटं, सगळीकडे मनुके. चॉकलेटही नाही, कांदा-लसूणही नाही. आमरसाच्या कोया उघड्यावर टाकू नका, गिळली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनच करावं लागतं. पाहुण्यातले एक काका असतातच जे टेबलाखालून "घे रे बाळा" करत पंगतभर फिरतात, त्या काकांना आधीच गाठायचं. फुलांचं म्हणशील तर मोगरा चालतो, पण गजऱ्याचा दोरा चालत नाही, तो दोरा पोटात गेला की कोयीपेक्षा वाईट. आणि कण्हेर घरात आणूच नका, लाल, पिवळी, कुठलीच, पूजेच्या परडीत नाही आणि हारात तर अजिबातच नाही, ती सरळ हृदयावर जाते.

आता आत्या.

आत्याशी भांडू नकोस. तुझ्या पत्रात तिचं वाक्य तू असं लिहिलंयस की वाचणाऱ्याने लगेच तिला खलनायिका करावं, पण जरा थांब. शकुन-अपशकुन म्हणत असेल तर त्याला उत्तर आपल्याच घरात आहे. दत्ताच्या फोटोत पायाशी चार कुत्रे असतात, चार वेद म्हणतो आपण त्यांना, तो फोटो बहुतेक आत्याच्याच देवघरात असेल. खंडोबाच्या बरोबर कुत्रा असतो, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य झाला की कुत्र्याला घास घालतात, आणि लग्न झालं की जागरण-गोंधळ घालणारी, जोडप्याला जेजुरीला नेणारी घरं आपल्याकडे ढिगाने आहेत. तुमच्या जिल्ह्यात तर मालेगावजवळ चंदनपुरी, बानाईचं गाव, जिच्यासाठी देवाने मेंढरं राखली असं सांगतात, आणि मेंढरं म्हटली की कुत्रा आलाच. तेव्हा देवाला चालतो त्याला मांडवात अपशकुन कसला, असं तू म्हणू शकतेस. म्हण, पण जिंकायला म्हणू नकोस.

कारण मला वाटतं आत्याचं कारण शकुन नसणारच. त्या पिढीतल्या बायकांना विचार, लहानपणी कुणालातरी कुत्रं चावलेलं असतं आणि मग पोटात १४ इंजेक्शनं. ती जुनी लस आपल्याकडे २००४-०५ च्या सुमाराला बंद झाली, आता दंडात चार-पाच घेतली की झालं, पण ज्याने ती १४ बघितली तो माणूस कुत्रं दिसलं की भिंतीला चिकटतो, आणि भीती वाटते असं म्हणायची लाज वाटते म्हणून अपशकुन म्हणतो. तिला एकदा बाजूला घेऊन विचार, आत्या तुला कधी चावलं होतं का गं. नुसतं विचार. आणि मी सांगते तसं केलंस तर आत्याच्या मांडवात बंड्या नसेलच, त्यामुळे हा प्रश्न सुटलाच म्हण ना.

मग फोटो कधी? माझ्या डोक्यात तीन वेळा आहेत.

पहिली, तुमचं प्री-वेडिंग असेलच, नाशिककर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जातात तसे तुम्हीही जाल. तिथे बंड्याला न्या, पण सकाळी. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, तुम्ही साडेसहाला तिथे उभे पाहिजे आणि आठला बंड्या घरी पाहिजे. उजेडही तेव्हाच मऊ असतो, नऊ वाजले की सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळं. पाणी, वाडगं आणि लांब दोरी न्या, मोकळं सोडू नका, धरणाकडे गुरं आणि गावातले कुत्रे असतात आणि आपला कितीही शहाणा असला तरी शेवटी कुत्राच आहे. ड्रोन उडवणार असाल तर बंड्या गाडीत बसल्यावर, एसी चालू आणि बरोबर माणूस. बंद गाडीत एकट्याला पाच मिनिटंसुद्धा ठेवायचं नाही.

दुसरी वेळ हळदीची, आणि मला विचारशील तर खरा फोटो इथेच आहे. हळद घरी आहे ना? अंगणात किंवा गच्चीवर? पाहुणे जमायच्या आधी, डीजेवाला वायरी सोडवत बसायच्या आधी, अर्धा तास. तू पाटावर. बंड्या समोर. तुझ्या हाताला हळद लागलेली आहे आणि तू एक बोट त्याच्या छातीवरच्या पांढऱ्या ठिपक्याला लावतेस. बस. काळ्या कुत्र्यावर हळद कुठेच दिसत नाही, तिथेच दिसते. तुझ्या पत्रातलं ते ठिपक्याचं वाचलं तेव्हाच मला हा फोटो दिसला, खोटं कशाला सांगू. आणखी एक गंमत, कुत्र्याला लाल रंग नीट दिसत नाही, तुझा लालबुंद शालू त्याला मातकट काहीतरी दिसणार, पण पिवळा आणि निळा बरा दिसतो. म्हणजे अख्ख्या लग्नातला त्याच्या वाट्याचा रंग हळदीचाच. घरच्या डब्यातली साधी हळद घे, ते वासाचं तयार उटणं-बिटणं नको कारण तो दोन मिनिटांत चाटणार. डोळ्यांजवळ नको. आणि एकच बोट हं, भावंडं सुटली तर त्याला आंबा करून ठेवतील.

तिसरी, लग्नाच्या दिवशी सकाळी निघताना. तू तयार, दाराबाहेर गाडी, सगळे ओरडतायत उशीर होतोय, आणि तू उंबऱ्यात बसून त्याला पाच मिनिटं देतेस. ही पाच मिनिटं आजच वेळापत्रकात लिही, मेकअपवालीला सांग, आईला सांग, नाहीतर मिळणार नाहीत. मेकअपचे दोन तास कुणी कापत नाही, कुत्र्याची पाच मिनिटं पहिली जातात.

शालूची काळजी वाटत असेल. केस लागणारच, घरात घालायचा रबरी हातमोजा जरा ओला करून वरून फिरवला की गोळा होतात, बाजारातल्या चिकट रोलरची गरज नाही. नखं मात्र बघ, जरीत अडकली तर दोरा ओढला जातो. तीन-चार दिवस आधी कापून घे, आदल्या दिवशी नको कारण ताजी कापलेली कड धारदार असते, चालून चालून बोथट व्हायला वेळ लागतो. आंघोळ दोन दिवस आधी. आणि त्याला शेरवानी, फेटा, मुंडावळ्या हे काही घालू नको गं. मुंडावळ्यांचे मणी तो खाणार आणि फेट्यात तो बंड्या दिसतच नाही, भाड्याने आणलेला कोणीतरी दिसतो. फारतर गळ्यात एक सुती रुमाल, तोही आठ दिवस आधीपासून रोज थोडा वेळ बांधून सवय करून.

फोटोग्राफरचे १२ हजार. हे कशाचे ते विचार त्याला. कुत्र्यांचे फोटो पूर्वी काढले असतील तर दाखवायला सांग, आणि दाखवले तर त्यात कॅमेरा कुठे आहे ते बघ. सगळे फोटो वरून काढलेले, कुत्रा मान वर करून बघतोय, मोठं डोकं आणि छोटे पाय, असं असेल तर त्याला येत नाही, ते तुझा भाऊही मोबाइलवर फुकट काढेल. ज्याला येतं तो जमिनीवर झोपतो. पांढरा शर्ट घालून आलेला असला तरी झोपतो.

काळा कुत्रा हा वेगळाच विषय आहे. आपोआपवर ठेवलं की कॅमेरा गोंधळतो, एकतर बंड्याचा कोळसा होतो, नाहीतर बंड्या नीट येतो आणि तू पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. त्याला उघड्या सावलीत बसवायचं, म्हणजे ऊन अंगावर नाही पण समोर मोकळं आकाश, व्हरांड्याची कड सगळ्यात भारी. मागे काळं फर्निचर किंवा गर्द झाडी नको, पिवळी भिंत, पांढरी चादर काहीही चालेल. बाजूने उजेड आला की केसांचा पोत दिसतो आणि डोळ्यात एक पांढरा ठिपका चमकतो, तो ठिपका नसला तर काळ्या कुत्र्याला डोळे आहेत की नाही तेच कळत नाही. फ्लॅश अजिबात नको, एकतर दचकतो आणि दुसरं म्हणजे कुत्र्याच्या डोळ्यामागे आरशासारखा पडदा असतो त्यामुळे डोळे हिरवे पेटतात, हळदीच्या फोटोत भुताटकी. बसलेला असला तरी शटर जरा वेगात ठेवायला सांग, २५० च्या वर, पळत असेल तर १००० च्या पुढे, कारण शेपूट आणि कान थांबत नाहीत. हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये जनावराचा डोळा धरून फोकस ठेवायची सोय असते, सोनीने तर जुन्या मॉडेलला २०१९ च्या अपडेटमध्ये दिली, पण ती माणसाच्या डोळ्यावरून प्राण्याच्या डोळ्यावर हाताने बदलावी लागते बऱ्याच कॅमेऱ्यांत, आणि लग्नाचा फोटोवाला दिवसभर माणसावरच ठेवून फिरत असतो. आठवण करून दे. मोबाइलवर काढत असाल तर स्क्रीनवर बंड्यावर बोट ठेवायचं आणि उजेड हवा तसा खाली-वर सरकवायचा, एवढंच.

आल्या आल्या कॅमेरा रोखू नका असं सांग. दहा मिनिटं बॅग जमिनीवर, बंड्या हुंगेल, पट्टे चाटेल, मग कंटाळून लांब जाऊन बसेल. कंटाळला की सुरू करायचं.

आणि सगळ्यात मोठी चूक जी प्रत्येक घरात होते ती म्हणजे एकाच वेळी सगळे "बंड्या! बंड्या! इकडे! ए बंड्या!" कुत्रा चार दिशांना बघतो आणि मग उठून निघून जातो, तो शहाणाच आहे. हाक मारणारा माणूस एकच, तो फोटोवाल्याच्या खांद्यामागे, हातात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, लग्नघरात चालत नसेल तर पनीर. कान टवकारायला एखादा विचित्र आवाज लागतो, दार करकरल्यासारखा, पिपाणीसारखा, जो येईल तो, पण तो आवाज अगदी शेवटाला जपून ठेवायचा. पहिल्यांदा केला की मान तिरकी, दुसऱ्यांदा केला की बरं, तिसऱ्यांदा केला की बंड्याला कळलेलं असतं की हे लोक आपल्याला येडा बनवतायत. घरच्यांचा ग्रुप फोटो घ्यायचा असेल तर आधी सगळी माणसं उभी करा, आजोबांना खुर्ची, ज्यांना ज्यांना पदर नीट करायचाय त्यांचे पदर नीट, मग शेवटी बंड्याला आणा आणि दोन मिनिटांत सोडा. दोरी पातळ घ्या, नंतर पुसता येते फोटोतून.

मधेच तो जांभई द्यायला लागला, झोप आलेली नसताना, ओठ चाटायला लागला, तोंड फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवायला लागला, शेपूट आत, तर तो सांगतोय की आता पुरे. तेव्हा थांबायचं, अजून एक घेऊ म्हणायचं नाही. चावण्याचे बरेचसे प्रसंग त्या अजून एकातच होतात आणि मग नाव कुत्र्याचं खराब. लस चुकली नाहीये ना, कार्ड काढून तारीख बघून ठेव, घरात इतके पाहुणे येणार आहेत.

आता ज्यासाठी तू खरं पत्र लिहिलंस ते. शेवटून दुसरं वाक्य. "लग्नानंतर मी पुण्याला जाणार, बंड्या आईबाबांकडेच राहील." ते तू असं लिहून टाकलंस जसं काही हॉलचं भाडं सांगतेयस, आणि मग लगेच काय करू. मला वाटतं अंतरपाटाचा हट्ट त्यातून आलाय. तो माझा आहे हे सगळ्या गावासमोर एकदा दिसू दे, अल्बममध्ये छापलं जाऊ दे, म्हणजे मी त्याला टाकून गेले असं होणार नाही. चुकत असेन तर सोडून दे. पण नऊ वर्षांच्या देशी कुत्र्याला त्याची गल्ली, त्याचं गेट, त्याचा दुपारी तीनला सावली येणारा कोपरा सोडवून चौथ्या मजल्यावर नेण्यापेक्षा आईबाबांकडे ठेवणं हा निर्णय बरोबर आहे, आणि बरोबर असूनही त्याचं वाईट वाटतं, दोन्ही एकदम असतं. त्याला फोटो हा उपाय नाहीये. दोन आठवड्यांनी नाशिकला चक्कर मारणं हा आहे, आणि व्हिडिओ कॉलवर त्याला दाखवत बसू नका, आवाज येतो आणि माणूस सापडत नाही म्हणून काही कुत्रे घरभर शोधत फिरतात, आमचा राजा भावाच्या आवाजावर कपाटामागे जाऊन बघायचा.

बॅगा भरायला लागलीस की तो बॅगेवर येऊन बसेल बघ. आत्ताच सांगते. सुटकेस उघडली की त्यांना कळतं. कपड्यांवर काळे केस, तू उठ म्हणतेस, तो डोळे मिटून घेतो. तिथे फोटोवाल्याला बोलवायचं नाही, आईला सांग मोबाइलवर काढायला, हलला तरी चालेल. तुझ्याकडे १२ हजारांचे फोटो असतील आणि दहा वर्षांनी तू तोच काढून बघशील. निघताना तुझा एक वापरलेला टीशर्ट, न धुतलेला, त्याच्या गोणपाटावर ठेवून जा. आईने धुवायला टाकला नाही पाहिजे, तिला बजावून ठेव.

राहता राहिला लग्नाचा दिवस. तुम्ही सगळे कार्यालयात, मग बंड्या कुणाकडे? शेजारी कुणी असेल ज्याला तो ओळखतो आणि ज्याला लग्नाला यायची फार हौस नाही, असा माणूस शोध, त्याला जेवणाचा डबा पोचव, त्याच्यासाठी वेगळा आहेर घे, त्या १२ हजारांचा खरा मानकरी तोच. लग्नघराचं दार दिवसभर उघडं असतं, मंडपवाला येतो, फुलवाला येतो, कुणी गेट लावत नाही, कुत्री हरवतात ती याच दिवसांत, म्हणून पट्ट्यावर फोन नंबर हवा आणि तो नंबर तुझा किंवा बाबांचा नको, तुम्ही कुणी त्या दिवशी फोन उचलणार नाही आहात. पट्टा दोन बोटं जातील इतपतच सैल, आमचा राजा ढिल्या पट्ट्यातूनच गेला होता. वरात घरावरून येणार असेल तर आतली खोली, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही मोठ्याने. झोपेची गोळी मनाने द्यायची नाही, माणसांची तर नाहीच, भीती फारच असेल तर आत्ताच डॉक्टरकडे जा म्हणजे त्यांनी काही दिलं तर आठ-दहा दिवस आधी एकदा देऊन बघता येतं.

आणि त्याला त्या दिवशी जेवायला कोण घालणार हे आजच नाव लिहून फ्रिजवर चिकटव. लग्नघरात कुत्रा एकतर चारदा जेवतो नाहीतर एकदाही नाही.